ब्रेडेड लाईन अडकली की ओढू नका, आधी ढील द्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की तंगूस (नायलॉनची एकेरी लाईन) सोडून ब्रेडेडवर (बारीक धागे विणून केलेल्या लाईनवर) आलात तेव्हापासून गळ खडकात अडकला की सुटतच नाही, जोर लावला की लाईन मधूनच कुठेतरी तुटते आणि दरवेळी तीस-चाळीस मीटर माल पाण्यात जातो, मग ब्रेडेडच बेकार आहे का. बेकार नाहीये. पण तुमच्या प्रश्नाला आधी कोणीतरी उत्तर देताना लाईनचे हाताला दोन-तीन वेढे मारून मागे चालत जा म्हणून सांगितलंय ते मात्र कृपा करून करू नका, बारीक ब्रेडेड ताणाखाली सरकली की कातडी सरळ कापते, आणि होडीत असाल तर लाट होडी उचलते तेव्हा वेढा सोडायला वेळसुद्धा मिळत नाही. पातळ हातमोजा घातला म्हणजे झालं असंही नाही, त्यातूनही जाते.

आता तंगूस आणि ब्रेडेडमधला फरक बघा म्हणजे बाकीचं आपोआप कळेल. नायलॉनचा तंगूस तुटायच्या आधी वीस-पंचवीस टक्के सहज ताणला जातो, ब्रेडेड पॉलिथिलीनच्या धाग्यांची असते आणि ती जेमतेम तीन-चार टक्के ताणली जाते. म्हणजे तंगूसला झटका दिला की अर्धा झटका तंगूसच खाऊन टाकायचा, गळापर्यंत पोचायचा तो नुसता धक्का, आणि सोडल्यावर तंगूस आखडून गळाला उलटी उसळी मिळायची. ब्रेडेडमध्ये तुम्ही रॉड मारला की तो सगळाच्या सगळा गळावर. मासा लागला तेव्हा हे सोनं आहे, पण खडकात गळ नुसता टेकलेला असतो तेव्हा पहिल्याच झटक्यात तो कपारीत पक्का बसतो. दहातले बरेचसे अडकलेले गळ आपण स्वतःच पक्के केलेले असतात, अडकल्यासारखं वाटलं की मासा आहे की काय म्हणून सवयीने एक हिसका जातोच. तो जाऊ द्यायचा नाही. काही टणक लागलं की हात थांबवा आणि रॉडचं टोक पुढे करून लाईन ढिली सोडा, बस.

ढिली सोडून मग अंदाज घ्यायचा की नक्की कशात अडकलाय, कारण उपाय त्यावर आहे. लाईन हळूच जेमतेम ताठ करून बोटाने बघायची. दगड असेल तर एकदम ठार, जरासुद्धा हलत नाही. लाकूड किंवा फांदी असेल तर थोडी येते आणि परत मागे जाते. गवत-शेवाळ असेल तर जड येतं पण येतं, मध्येच काहीतरी तटतट तुटल्यासारखं बोटाला कळतं, त्याला हळू पण न थांबता ओढत राहिलं की बहुतेक वेळा घाणीसकट बाहेर. जुनं जाळं किंवा दोर असेल तर भलतंच जड, वर येतं आणि सोडलं की खाली जातं. आणि एक पाचवा प्रकार, तो म्हणजे गोबऱ्यासारखा मासा गळ घेऊन कपारीत घुसलेला, तेव्हाही लाईन दगडासारखीच लागते पण मधूनच एखादा ठोका येतो. त्याला ओढाल तेवढा तो कल्ले फुगवून घट्ट बसतो, पूर्ण ढील देऊन काही मिनिटं रॉड शांत ठेवला तर बरेचदा आपणहून बाहेर निघतो, ढील थोडी सरकताना दिसली की तेव्हा उचला.

दगडात अडकला असेल तर पहिला उपाय ढील देऊन हलवण्याचा. लाईनमध्ये अर्धा हात ढील ठेवायची आणि रॉडच्या टोकाने छोटे छोटे झटके द्यायचे, इतके छोटे की लाईन प्रत्येक वेळी जेमतेम ताठ होऊन लगेच परत सैल पडली पाहिजे. काम ओढण्याने होत नाही, सैल पडल्यावर शिसं (लाईनला लावलेलं वजन) स्वतःच्या वजनाने मागे घसरतं त्याने होतं. लोक इथे चुकतात, झटका बरोबर देतात पण मध्ये ढील देत नाहीत, मग तो नुसता ठोकून खिळा बसवण्याचा प्रकार होतो.

सुटलं नाही तर जागा बदला. गळ ज्या दिशेने गेला त्याच्या उलट्या दिशेने तो निघतो, आणि तुम्ही तर तो आत गेला त्याच बाजूला उभे राहून ओढताय. ढील सोडत सोडत काठाने डावीकडे वीस-तीस पावलं जा, तिथून हलवून बघा, मग उजवीकडे. उंच दगडावर सुरक्षित चढता येत असेल तर चढा, लाईनचा कोन जितका उभा तितकं बरं. होडीत असाल तर हे सगळ्यात सोपं, अडकलेल्या जागेच्या पलीकडे जाऊन उलट्या बाजूने उचला, फक्त जाताना सैल लाईन पंख्यात जाणार नाही एवढं बघा कारण ब्रेडेड तरंगते.

ती तरंगते याचा फायदाही आहे. वाहत्या पाण्यात असाल तर दहा-पंधरा मीटर लाईन सरळ सोडून द्या, प्रवाह तिचा बाक करून अडकलेल्या जागेच्या पुढे खाली नेतो, मग एकदम गुंडाळून रॉड उचलला की पाण्यातल्या त्या बाकामुळे गळावर ओढ पलीकडच्या बाजूने येते. जड शिशाला हे चालेलच असं नाही, हलक्या ल्युअरला (नकली आमिषाला) मात्र फार छान चालतं. समुद्रावर नुसती ढील देऊन पाच-सहा लाटा जाऊ दिल्या तरी कधी कधी शिसं आपोआप गडगडून मोकळं होतं.

आता टिचकीचा उपाय. रॉडचं टोक अडकलेल्या दिशेने थोडं खाली करा, लाईन ताठ करा म्हणजे टोकाला हलका बाक येईल, स्पूल (रीलची लाईन गुंडाळलेली फिरकी) तळहाताने दाबून धरा, आणि रील आणि पहिली रिंग यांच्या मधली लाईन अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून रॉडपासून वीतभर बाहेर ओढा आणि टणकन सोडा. सोडल्याबरोबर लाईन एकदम सैल पडते, रॉडचं टोक पुढे उसळतं आणि तो धक्का खाली जातो. पाच-सहा वेळा करायचं, मग जागा बदलून परत. जिगला, म्हणजे शिसाचं डोकं असलेल्या गळाला, माझा सगळ्यात भरवशाचा उपाय हाच. चिमटीत फडक्याचा तुकडा ठेवा नाहीतर बोटाला चिकटपट्टी गुंडाळा. लाकडात काट्याच्या (टोकाजवळच्या उलट्या दाताच्या) पुढेपर्यंत रुतलेल्या गळाला याने काही होत नाही, तिथे वेळ घालवू नका.

लाकूड असेल आणि अडकलेली जागा जवळ, खोल आणि जवळजवळ पायाखाली असेल तर ठोकणी वापरा. विकतही मिळते, पण ल्युअरपेक्षा बरंच जड शिसं आणि त्याला एक मोठी गुळगुळीत क्लिप एवढंच काम आहे, क्लिप आपल्या लाईनवर अडकवायची, लाईन ताठ धरायची आणि शिसं घसरत जाऊन ल्युअरच्या नाकावर आदळलं की लगेच ढील द्यायची. ठोकणीला स्वतःची वेगळी दोरी बांधा म्हणजे ती वर ओढून परत परत सोडता येते. क्लिपला धार किंवा गंज असेल तर ब्रेडेड खरवडली जाईल. आणि काठावरून चाळीस मीटर लांब टाकलेलं असेल तर ठोकणीचा उपयोग शून्य, लाईन इतकी आडवी असते की शिसं मध्येच बसून राहतं किंवा तेच दुसरीकडे अडकतं.

एवढं करून नाही निघालं तरच ओढायचं, पण रॉडने नाही आणि रीलनेही नाही. रॉड वाकवून ओढलात तर रॉड जाईल, हँडल फिरवून ओढलात तर रीलचे गिअर, आणि त्याहून वाईट म्हणजे स्पूलवर वरचे वेढे खालच्या वेढ्यांत रुततात. एक वीतभर लांबीचा गोल लाकडी दांडा जवळ ठेवा, त्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवा. रीलचा बेल (लाईन अडवणारी तारेची कडी) उघडा, रॉड बाजूला ठेवा, आणि रॉडच्या टोकापुढची लाईन दांड्यावर सात-आठ वेढे गुंडाळा, ब्रेडेड निसरडी असते त्यामुळे दोन वेढ्यांत ती घसरणार. मग दोन्ही हातांनी दांडा कमरेशी धरून सरळ रेषेत हळूहळू मागे जा, ताण वाढवा आणि तसाच धरून ठेवा. हिसका नाही. मनात तीस आकडे मोजा. बारीक तारेचा गळ असेल तर या स्थिर ताणाखाली तो उघडतो, हाताला एकदम थोडं सैल झाल्यासारखं वाटतं आणि मग सुटतो. पकडीने वाकवून तो परत वापरता येतो पण एकदा उघडलेला गळ मोठ्या माशाला परत उघडतो, मी तरी बदलतो.

ताण असताना चेहरा बाजूला वळवा आणि डोळ्यांवर चष्मा असू द्या, मागे-बाजूला कोणी उभं असेल तर आधी त्याला हटवा. सुटलेलं शिसं सरळ तुमच्याच दिशेने गोळीसारखं येतं. ब्रेडेड ताणली जात नाही म्हणून येत नाही असं काही लोक म्हणतात, पण पुढे लीडर (ब्रेडेड आणि गळ यांच्यामधला तंगूसाचा तुकडा) तर ताणला जाणारा असतो ना.

आता तुमच्या मूळ दुखण्यावर येतो, मधूनच का तुटते. माझ्या मते तुमचा लीडर एकतर नाहीये किंवा ब्रेडेडपेक्षा जास्त ताकदीचा आहे. ब्रेडेड तीस पौंडाची असेल तर लीडर वीसचा ठेवा, तंगूस किंवा फ्लोरोकार्बन (तंगूससारखीच दुसऱ्या प्लास्टिकची लाईन), म्हणजे अगदीच वेळ आली तर तुटेल तो लीडर आणि तुमची ब्रेडेड सगळी परत येईल. नुसता शिसाचा तुकडा अडकत असेल तर शिसं वेगळ्या कमी ताकदीच्या तंगूसावर बांधा, शिसं जाईल आणि गळ वाचेल. जोडाची गाठ मात्र नीट हवी, ब्रेडेडची गाठ साध्या पद्धतीने मारली तर सरकते, डबल युनी सोपी आहे आणि एफजी गाठ बारीक होते पण हात बसावा लागतो. दोन्ही आवळताना ओल्या करा, कोरडी आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने लीडर कमजोर होतो.

लीडर बरोबर असूनही वरच तुटत असेल तर तीन ठिकाणी बघा. एक, शेवटचे काही मीटर दगडाला घासून केसाळ झालेत का, ब्रेडेड सरळ ओढीला जबरदस्त असली तरी ताणात असताना दगडाच्या धारेला किंवा कालवांच्या कवचाला काही सेकंदांत जाते. दोन, रॉडच्या रिंगा, आतल्या चकतीला केसभर चीर असली तरी डोळ्याला दिसत नाही, कापसाचा बोळा आतून फिरवा, धागा अडकला की समजा तीच रिंग लाईन कापतेय. तीन, रॉडच्या टोकाला लाईनचा वेढा पडलाय का, वाऱ्यात हे सारखं होतं आणि तसंच ओढलं की टोक तरी मोडतं नाहीतर लाईन तरी.

सुटल्यावर लगेच परत टाकू नका. शेवटचे पाच-सहा मीटर नखाच्या टोकावरून सरकवत बघा, खरखर लागली की तेवढा भाग कापून गाठ नवीन मारा. लीडरवर ओरखडा असेल तर लीडरही बदला. रीलने ओढलंच असेल तर वेढे रुतलेले असणार, तेवढी लाईन बाहेर काढून ओल्या फडक्यातून दाबत परत गुंडाळा, नाहीतर पुढच्या फेकीत मध्येच थांबून ल्युअर तुटून उडून जाईल.

आणि काहीच होत नसेल तरी रॉडच्या टोकाशी लाईन कापून मोकळे होऊ नका. दांड्यावर ओढून लीडरलाच तोडा. ब्रेडेड पाण्यात वर्षानुवर्षं कुजत नाही, पक्ष्यांच्या पायात अडकते आणि पुढच्या माणसाचा गळ तिच्यातच अडकतो. कापलेले तुकडेही बारीक करून कचऱ्यातच टाका. गळ काढायला पाण्यात उतरायचं का असं विचारलं होतंत, खडकाळ किनाऱ्यावर नाही, एका जिगसाठी तर अजिबात नाही.

तुमची ब्रेडेड किती पौंडाची आहे, लीडर कसला आणि कितीचा आणि शिसं किती ग्रॅमचं लावता ते लिहा, गाठीचा जवळून फोटो टाकलात तर अजून बरं, मग नेमकं काय बदलायचं ते सांगता येईल.