बोअरच्या गाडीवर माणसांच्या चुकांचा धोका कसा तपासायचा?

तुम्ही विचारलंय की हेल्मेट, हातमोजे, बूट सगळं गाडीवर असूनही अपघात होतात, मग माणसांच्या बाजूचं नेमकं तपासायचं काय? यवतमाळकडे सात उन्हाळे बोअरच्या गाडीवर सुपरवायझर होतो, त्यावरून सांगतो.

हेल्मेटं नंतर मोजा. आधी गाडी वावरात लागताना उभं राहून बघा. पाणाडी तळहातावर नारळ घेऊन फिरतो आणि पॉइंट देतो. एकदा तो पॉइंट नेमका ११ केव्हीच्या, म्हणजे अकरा हजार व्होल्टच्या विजेच्या तारेखाली आला. शेतकरी म्हणे, "भाऊ, इथंच पाणी हाय, हातभरही सरकू नका." एजंटला गिऱ्हाईक सोडवेना. ड्रायव्हर तमिळ, त्याला कोणी विचारलंच नाही. आणि मी? मीही गप्प. तार सगळ्यांना दिसत होती, तरी मास्ट, म्हणजे गाडीवरचा ड्रिलचा उंच खांब, वर जायला लागला. शेवटी छत्तीसगडच्या एका हेल्परने दुपट्टा हलवून थांबवला. गाडी धुऱ्याकडे घ्यावी लागली, तासभर गेला, आणि मालकाच्या शिव्या त्यालाच बसल्या.

म्हणून माझा पहिला प्रश्न असतो: या गाडीवर काम शेवटचं कोणी थांबवलं, आणि त्याला काय ऐकावं लागलं? हा प्रश्न मालकाला नाही, हेल्परला विचारायचा, तोही जेवताना.

दुसरं, पैसे. रेट फुटावर असतो, म्हणून मे महिन्यात एक बोअर संपला की गाडी रातोरात पुढच्या गावाला. रात्री दोनला रॉड बदलणारा पोरगा कधीपासून जागा आहे, हे कुठल्याच रजिस्टरात नसतं.

तिसरं जरा अवघड. बोअरमध्ये दगड फोडणाऱ्या हॅमरचा आवाज बदलतो आणि कोणीतरी म्हणतं, "कपार (खडकातली फट) लागली असंल, चालू दे." मोठ्या जागीही हेच होतं. २० एप्रिल २०१० ला मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेलविहीर खोदणाऱ्या रिगवर दाबाची चाचणी घेतली. शून्य दिसायला हवं तिथे ड्रिल पाइपवर १,४०० पीएसआय (दाबाचं एकक) होते. त्याचं एक कारण कोणीतरी सुचवलं, बाकीच्यांना ते पटलं. त्याच रात्री स्फोट होऊन ११ जण गेले. तेव्हा "असंल" हा शब्द ऐकू आला की काम थांबवून बघा.

आणि तो हेल्पर. आठवड्याभराने दुसऱ्या गावात दाबाच्या हवेचा होज (नळी) सुटून चाबकासारखा फटकारला. नशीब, जवळ कोणी नव्हतं. होज सुटला तरी त्याला धरून ठेवणारी साखळी लावलेली नाही हे त्या हेल्परने आधीच पाहिलं होतं. मला त्याने ते दोन दिवसांनी सांगितलं.