एप्रिल फूलची प्रथा कॅलेंडर बदलल्यामुळे सुरू झाली, हे खरं आहे का?

फ्रान्समध्ये नववर्ष १ एप्रिलवरून १ जानेवारीला नेलं आणि जुन्या तारखेला धरून बसलेल्यांची टिंगल सुरू झाली, ही सगळीकडे सांगितली जाणारी गोष्ट खरी का, असं तुम्ही विचारलंय. या दिवशी कुठे काय चालतं, हेही विचारलंय. माझा हा फार आवडता विषय आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ती गोष्ट ऐकायला पटते, पण पुराव्यापुढे टिकत नाही. नवव्या चार्ल्स राजाने १५६४ मध्ये हुकूम काढून वर्षारंभ १ जानेवारीला आणला, इथपर्यंत बरोबर. पण त्याआधी फ्रान्समध्ये अधिकृत वर्ष ईस्टरपासून मोजत, आणि ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिलच्या दरम्यान कधीही येतो. मग चिकटून राहायला १ एप्रिल ही तारीख आली कुठून? इंग्लंडमध्ये तर वर्षारंभ २५ मार्चवरून १ जानेवारीला आला तो १७५२ मध्ये. तिथल्या जॉन ऑब्री या लेखकाने १ एप्रिलची ‘मूर्खांचा सण’ अशी नोंद १६८६ मध्येच करून ठेवली होती.

सगळ्यात बोलका पुरावा फ्लँडर्समधला, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या भागातला आहे. एदुआर्द द देने या कवीची एक विनोदी कविता १५६१ मध्ये छापली गेली. फ्रान्सचा हुकूम निघायच्या तीन वर्षं आधी! तिच्यात एक सरदार लग्नाच्या मेजवानीची तयारी चालल्याचं भासवून आपल्या नोकराला १ एप्रिलला एकामागून एक बिनकामाच्या कामांवर पिटाळतो. नोकर जातो खरा, पण प्रत्येक कडव्याच्या शेवटी म्हणतो, की मालक, तुम्ही मला उगाच पळवताय अशी मला शंका येतेय. म्हणजे तेव्हाच ही प्रथा इतकी रुळलेली होती, की नोकरालाही तारीख बघून संशय येत होता. ती नेमकी सुरू कुणी केली हे कोणालाच सांगता आलेलं नाही, पण तिचा गाभा मला इथे दिसतो: खोटं सांगण्यापेक्षा माणसाला हेलपाटा घालायला लावणं.

लंडनमध्येही हेच. १६९८ च्या १ एप्रिलला बऱ्याच लोकांना ‘टॉवर ऑफ लंडनला सिंहांना आंघोळ घालतात, बघून या’ म्हणून पाठवण्यात आलं, आणि दुसऱ्याच दिवशी ते बातमीपत्रात छापून आलं. टॉवर म्हणजे तिथला जुना राजकिल्ला, आणि त्यात तेव्हा खरोखरच सिंह होते, त्यामुळे थाप चटकन पचायची. पुढे १८३५ मध्ये तिथलं प्राणिसंग्रहालय बंद झालं. तरी १८५० च्या दशकातली याच आंघोळ सोहळ्याची छापील प्रवेशपत्रं आहेत! प्रवेश ‘व्हाइट गेट’मधून, आणि पहारेकऱ्यांना बक्षिसी देऊ नये अशी विनंतीही त्यांवर आहे. थापेत इतकी मेहनत घेणाऱ्यांचं मला मनापासून कौतुक वाटतं.

स्कॉटलंडमध्ये एखाद्याच्या हाती बंद चिठ्ठी देऊन ती अमक्याला पोचवायला सांगत. आत लिहिलेलं असायचं, ‘हसू नकोस, या गौकला अजून एक मैल पळव.’ गौक म्हणजे कोकीळ, आणि मूर्खही. वाचणारा गंभीर चेहऱ्याने त्याला पुढच्या घरी धाडायचा. तिथे दुसरा दिवसही खोड्यांचाच असे. त्या दिवशी पाठीमागे शेपूट लावून देत. ब्रिटनमध्ये एक छान नियम आहे: खोड्या दुपारी बारापर्यंतच. त्यानंतर जो कोणाला बनवायला जाईल, तोच मूर्ख ठरतो.

फ्रान्स आणि इटलीत मुलं एकमेकांच्या पाठीवर नकळत कागदी मासा चिकटवतात. स्पेनमध्ये हा दिवस २८ डिसेंबरला, म्हणजे बायबलमधल्या हेरोद राजाने मारलेल्या निष्पाप बालकांच्या स्मृतिदिनी येतो. तिथल्या इबी गावात त्या दिवशी एक टोळी गावाची सत्ता हाती घेतल्याचं नाटक करते, आणि पीठ, अंडी, फटाके यांची लढाई रंगते. इराणमध्ये नवरोज या नववर्षदिनापासून तेराव्या दिवशी, १ किंवा २ एप्रिलच्या सुमारास, लोक घराबाहेर मोकळ्यावर जाऊन दिवस घालवतात, आणि त्या दिवशी मारलेल्या थापेला ‘तेराव्याची थाप’ म्हणतात.

उगमाच्या गोष्टी वाचताना जपून राहा, एवढं मात्र आवर्जून सांगेन. १९८३ मध्ये असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेच्या वार्ताहराने बोस्टन विद्यापीठातले इतिहासाचे प्राध्यापक जोसेफ बॉस्किन यांना हाच प्रश्न विचारला होता. त्यांनी सांगितलं, की रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने कुगेल नावाच्या विदूषकाला एक दिवस राज्य करायला दिलं, तेव्हापासून ही प्रथा पडली. कुगेल हे खरं तर एका ज्यू पदार्थाचं नाव. वृत्तसंस्थेने ती माहिती खरी मानून देशभर पाठवली, वर्तमानपत्रांनी छापली, आणि ती सगळी रचलेली होती हे कळायला काही आठवडे गेले. तो कुगेल अजूनही कुठे कुठे इतिहास म्हणून सांगितला जातो. तुमच्या वाचनात आला, तर त्याला यादीतून काढून टाका.