बाजारात जे मिळत नाही, ते कुंडीत लावा

तुमचा प्रश्न रास्त आहे. पूर्वेकडची चिंचोळी बाल्कनी, सकाळचं ऊन जेमतेम चार तास, आणि खाली उतरलं की वीस रुपयांना मेथीची जुडी. मग माती, कुंड्या, मावा कीड, पाणी हा सगळा व्याप कशासाठी, यातून नक्की मिळतं काय, असं तुम्ही विचारलंय.

पैशांचं आधी सांगून टाकते. पहिल्या वर्षी घरची भाजी बाजारापेक्षा महागच पडते. कुंड्या, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), शेणखत सगळंच विकत आणावं लागतं. ओला कचरा आणि वाळका पाला कुजवून खत घरीच व्हायला लागलं की खर्च उतरतो, तरी बचतीसाठी म्हणून कुणी यात पडू नये. आणि बाल्कनीत कोबी-फ्लॉवरच्या वाटेला तर जाऊच नका. कोबीचं एक रोप मोठी कुंडी अडीच-तीन महिने अडवून बसतं आणि शेवटी हाती एक गड्डा येतो.

खरी मिळकत वेगळी आहे. भाजी मंडईत यायची तर तिने टेम्पोतला प्रवास सोसला पाहिजे, दिवसभर टवटवीत दिसलं पाहिजे आणि चार लोकांनी ती ओळखून विकत घेतली पाहिजे. या अटींत न बसणारं कितीतरी खाण्यालायक असतं. ते शेतकऱ्याच्या घरी शिजतं, शहरात पोचत नाही. घरच्या कुंडीत तेच लावावं, असं माझं ठाम मत आहे.

हिरव्या धण्यांचंच घ्या. कोथिंबिरीला तुरा आला की आपण ती उपटून टाकतो. तसं न करता दोन-चार झाडं राहू द्या. पानं झिरझिरीत होतात, पांढरी बारीक फुलं येतात, त्यावर मधमाश्या आणि इवल्या माश्या येऊ लागतात, आणि मग मण्यांसारखे हिरवेगार धणे धरतात. एक दाणा दाताखाली फोडून बघा. कोथिंबिरीचा वास आणि वाळक्या धण्यांचा वास यांच्या मधला, लिंबाच्या सालीकडे झुकणारा असा काही वास येतो, जो या दोन्हींत नाही. चमचाभर ठेचून आमटीला वरून घाला किंवा हिरव्या मिरचीबरोबर चटणीत वाटा. हे दाणे हिरवे असतात ते थोडेच दिवस, मग पिवळे पडून वाळतात. म्हणून ते विकायला कुणी आणत नाही.

दुसरा हरभरा. यासाठी बियाणंसुद्धा विकत आणायला नको. डब्यातले साधे देशी हरभरे (काबुली नकोत) रात्रभर भिजवून पसरट कुंडीत दाट पेरा. थंडी लागता लागता पेरलेत तर साधारण महिन्याने शेंडे खुडता येतात. खुडल्याने झाड फुटतं, दाट होतं, पुन्हा खुडायला मिळतं. या पानांवर आंब असते, म्हणजे आंबट-खारट दव. बोट फिरवून जिभेला लावलं तरी कळते. पानं धुतली की आंब जाते, म्हणून जुनी माणसं हरभऱ्याची भाजी धूत नाहीत. बाजारच्या भाजीबाबत ते धाडस आज होत नाही. घरच्या कुंडीवर काय फवारलं आणि काय नाही हे आपल्याला ठाऊक असतं. रस्त्याची धूळ बसत असेल तर खुडण्याच्या दोन-तीन दिवस आधी झारीने धुऊन घ्या. कोवळा पाला चिरून त्यात कांदा, हिरवी मिरची, शेंगदाण्याचा कूट, मीठ आणि कच्चं तेल. विदर्भ-मराठवाड्याकडे याला घोळाणा म्हणतात. गरम भाकरीबरोबर खा.

मुळ्याच्या डिंगऱ्या, म्हणजे शेंगा, क्वचित मंडईत दिसतात, पण बहुतेक जून झालेल्या. दोन मुळे न उपटता फुलावर जाऊ द्या आणि शेंग बोटांत कट्कन मोडते तोवरच तोडा. लसणाच्या पाकळ्या नुसत्या खोचल्या तरी दोन-तीन आठवड्यांत पात मिळते. मायाळूचं फाटं खोचलं की पावसाळ्यात वेल ग्रिलवर चढतो. त्याला तुमचं चार तासांचं ऊन पुरतं. पानांची भजी करा, डाळीत घाला.

गच्ची मिळत असेल तर लाल भोपळाही लावा, फळापेक्षा फुलांसाठी. लांब बारीक देठाचं ते नर फूल, बुडाशी इवला भोपळा असलेलं ते मादी. उंच मजल्यावर मधमाश्या कमी येतात, तेव्हा पहाटे उमललेलं नर फूल तोडून मादी फुलावर हलकेच टेकवा. ऊन चढल्यावर फुलं मिटतात. उरलेल्या नर फुलांची बेसनात बुडवून भजी करा.

हे सगळं हौशी लोकांपुरतं नाही. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ साली स्वयंपाकघरातल्या कचऱ्यावर बाग उभी केली. त्यामागे प्रयोग परिवार या शेतीप्रयोगांच्या चळवळीच्या श्री. अ. दाभोळकरांचा विचार होता: पालापाचोळा आणि घरचा ओला कचरा जिरवून त्याचीच माती करायची. शहरात हे होतं, हे मला त्या उदाहरणावरून पटलं होतं.

आणखी एक मिळकत म्हणजे बियाणं. माठ, मायाळू, धणे यांची दोन झाडं बियांसाठी राखली की पुढच्या हंगामाला दुकानात जावं लागत नाही, शेजारीही वाटता येतं. पाकिटावर संकरित लिहिलं असेल तर त्याचं बी धरू नका, पुढची पिढी तशीच निघेल याची खात्री नसते.

सुरुवातीला तीन कुंड्या पुरे: धणे, हरभरा, मायाळू. धणे पेरण्याआधी चोळून त्यांची दोन दळं करा. उगवायला आठ-दहा दिवस लागतात, तोवर कुंडी उकरून बघू नका. आणि ग्रिलवर मोठ्या कुंड्या टांगू नका. घनफूटभर ओली माती पंचेचाळीस-पन्नास किलोंच्या घरात जाते, तेवढा भार जमिनीवरच असू द्या.