नडगीचं दुखणं आधी घरी सांग

मावशी, मी सिन्नर तालुक्यातला, वय एकोणीस. अग्निवीर म्हणून तोफखान्यात निवड झालीय. दीड महिन्याने नाशिकरोडच्या आर्टिलरी सेंटरला हजर व्हायचंय. गावात फ्लेक्स लागला, सत्कार झाला, आईने भावकीत पेढे वाटले. पप्पा मुसळगाव एमआयडीसीत शिफ्ट करून कांदा सांभाळतात, त्यांची मान ताठ झालीय. पण मेडिकलनंतर माझी उजवी नडगी दुखायला लागली. कुणाला सांगितलं नाही, गोळी खाऊन पळतो. तिथे जमलं नाही आणि परत यावं लागलं तर? उस्ताद, म्हणजे ट्रेनिंग देणारे, फार रगडतात म्हणे. आणि घर इतकं जवळ असून जाता येणार नाही. रात्री झोप लागत नाही. तयारी कशी करू?
– सिन्नरकडचा एक मुलगा

बाळा,

रगड्याची भीती, घरची ओढ, गावाची लाज, सगळ्यावर बोलू. पण आधी नडगी. गोळी खाऊन पळणं आजपासून बंद. गोळीने फक्त कळ झाकली जाते आणि पायाला इजा होतच राहते.

डांबरी रस्ता, झिजलेले बूट आणि भरतीची तारीख जवळ आली म्हणून एकदम वाढवलेलं पळणं, हे तिन्ही एकत्र आले की नडगीच्या हाडावर ताण येतो. नव्या बैलाला पहिल्याच दिवशी भरली गाडी जुंपत नाहीत, हाडाचंही तसंच आहे. नडगीच्या आतल्या कडेने लांबपर्यंत ठणकत असेल आणि अंग गरम झाल्यावर कमी होत असेल, तर बहुतेक वेळा थोडी विश्रांती घेऊन, मग बेताने पळून ते बरं होतं. पण बोटाने दाबल्यावर एकाच जागी जीवघेणी कळ येते का? त्या पायावर लंगडी घातली तर दुखतं का? रात्री पडल्या पडल्याही ठणकतं का? यातलं काहीही असेल तर हाडाला बारीक चीर गेल्याची शंका घ्यायची. याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात आणि नव्या रंगरुटांमध्ये हे नेहमी आढळणारं दुखणं आहे. ही चीर पहिल्या काही आठवड्यांत साध्या एक्स-रेत दिसेलच असं नाही. म्हणून नाशिकच्या सिव्हिलमध्ये हाडांच्या डॉक्टरांना दाखवशील तेव्हा ‘पाय दुखतो’ एवढंच बोलून थांबू नकोस. किती पळत होतास, गोळ्या कोणत्या खाल्ल्यास, पुढे कुठे जायचंय, सगळं सांग. गरज वाटली तर ते एमआरआय सुचवतील. ड जीवनसत्त्वही तपासून घे.

चीर निघालीच तर सहा ते आठ आठवडे, कधी त्याहून जास्त, पायाला आराम द्यावा लागतो. म्हणजे तुझी तारीख त्यातच येते. तसं झालं तर ज्या भरती कार्यालयाकडून तुला पत्र आलंय तिथे डॉक्टरांचे कागद घेऊन वडिलांसोबत जा आणि पुढे काय करायचं ते त्यांनाच विचार. चीर असलेला पाय तसाच बुटात घालून ग्राउंडवर नेलास तर हाड पूर्ण मोडू शकतं.

आता घरी सांगायचं. तुझ्या पत्रातली सगळ्यात अवघड गोष्ट मला हीच वाटते, नडगीपेक्षाही. फौजी घरांतून मला जी पत्रं येतात त्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा असते: पंधरा दिवसांत बरं झालं असतं असं दुखणं मुलाने लाजेपोटी लपवलं आणि ते वाढत गेलं. तिथे रोज सिक रिपोर्ट, म्हणजे आजाऱ्यांची नोंद असते, एमआय रूम, म्हणजे तपासणीची खोली असते, पण उस्तादासमोर उभं राहून ‘पाय दुखतोय’ म्हणावं तुलाच लागतं. जे स्वतःच्या वडिलांना सांगता येत नाही, ते तिथे कसं सांगशील? त्याची सवय तुला याच दीड महिन्यात करायची आहे, आणि पळण्याइतकीच ती तयारी आहे असं मी मानते.

पप्पा शिफ्टवरून आले, हातपाय धुऊन बसले की सरळ म्हण, “पप्पा, नडगी दुखतेय, जायच्या आधी दाखवून घेऊ.” एवढंच. ते क्षणभर गप्प होतील, कदाचित चिडतील, “आधी का नाही बोललास?” म्हणतील. चिडू दे. जो माणूस कंपनी करून शेत सांभाळतो त्याला वेळेवर इलाज करण्याचं मोल मी सांगायला नको. त्यांची मान फ्लेक्समुळे ताठ झालेली नाही, तुझ्यामुळे झाली आहे, आणि तू त्यांना लंगडा होऊन नको आहेस.

परत पाठवण्याबद्दल. एखाद्या चाचणीत कमी पडलास म्हणून लगेच घरी धाडत नाहीत. मागून येणाऱ्या तुकडीत टाकतात, त्याला रेलिगेट होणं म्हणतात. आजारपणात ट्रेनिंग बुडालं तरी बहुधा तेच होतं. सोबतचे पुढे गेले याचं फार वाईट वाटतं, पण कसम परेड, म्हणजे ट्रेनिंगच्या शेवटची शपथेची परेड, मागच्या तुकडीबरोबरही करता येते.

२०२३ मध्ये अग्निवीरांच्या पहिल्या तुकड्या आल्या तेव्हा तोफखान्याचं ट्रेनिंग ३१ आठवड्यांचं होतं. पहिले १० मूलभूत, मग २१ आपापल्या ट्रेडचे, म्हणजे नेमून दिलेल्या कामाचे. मूलभूत भागात पीटी, ड्रिल, हत्यार आणि शिस्त. रगडा त्यातच येतो. एकाची चादर चुरगळलेली निघाली की सगळ्या स्क्वॉडला फ्रंट रोल. हे अन्यायाचं वाटेल. पण तुला तोफेवर जायचंय, तिथे एकटा माणूस काहीच करू शकत नाही, एकाच्या हलगर्जीपणाची किंमत सगळी टोळी मोजते. उस्ताद ओरडतो तेव्हा तो तुझ्या चुकीवर ओरडत असतो, तुझ्या आईबापावर नाही. ते मनाला लावून घेऊ नकोस. मात्र कुणी हात उचलला तर तो रगडा नव्हे. ते सहन करायचं नाही, वरच्या साहेबांना सांगायचं.

आता तयारी. डॉक्टर पळायला हो म्हणेपर्यंत पळायचं नाही, पण हात रिकामे ठेवायचे नाहीत. भरतीत १६०० मीटर पळणं आणि बीम, म्हणजे पुल-अप, यावर गुण मिळाले म्हणून मुलं पायांवरच भर देतात. पुढे बीपीईटी या फौजेच्या शारीरिक चाचणीत अंगावर सामान घेऊन पाच किलोमीटर पळायचं असतं, आणि उभा रस्सा, आडवा रस्साही असतो. पुष्कळ मुलं रश्शावर अडकतात. मळ्यातल्या लिंबाला जाड दोर बांध, खाली माती भुसभुशीत कर आणि घरातलं कुणी जवळ असतानाच चढ. बीम, जोर, पोटाचे व्यायाम चालू ठेव. सायकल चालवू का, हे डॉक्टरांना विचार. पळायची परवानगी मिळाली की मातीच्या वाटेने, आधीच्या निम्म्याहूनही कमी अंतरापासून सुरुवात कर आणि दर आठवड्याला साधारण दहावा हिस्साच वाढव. उन्हाळ कांद्याची काढणी चालू असेल, तर ते कष्टही मोजायचे, त्याच दिवशी वर व्यायाम नको. उन्हात पाणी न पिता सराव करणं हा मर्दपणा नाही, उष्माघाताचं आमंत्रण आहे. तंबाखू असेल तर आजच सोड.

आणखी काही गोष्टी कुणी सांगत नाही म्हणून सांगते. पहाटे चारला उठायची सवय आत्ताच लाव, म्हणजे रात्री नऊला मोबाईल आईच्या हातात. आपले कपडे आपण धू, इस्त्री कर, बटण लावायला शीक, रोज दाढी कर. जेवायला बसलास की दहा मिनिटांत उरक. हिंदी बोल, चुकली तरी बोल, कारण ड्रिलचे हुकूम हिंदीत असतात आणि शेजारच्या खाटेवर बिहारचा नाहीतर तमिळनाडूचा मुलगा असू शकतो. पायाला फोड आला तर लपवू नकोस आणि ओले मोजे तसेच ठेवू नकोस.

घराचं म्हणशील तर जवळ असणं सुरुवातीला जास्त जड जातं. पुण्याकडे जाणारी एसटी शिंदे-पळशावरून तुझ्या सिन्नरला जाते, हे डोक्यातून जाणार नाही. पहिले दोन-तीन आठवडे सगळ्यात कठीण असतात, पोरं रात्री पांघरुणात रडतात आणि सकाळी फालनला, म्हणजे रांगेत हजेरीला, उभी राहतात. तूही रडलास तर काही बिघडत नाही. आईला मात्र आत्ताच समजाव, की दर रविवारी डबा घेऊन गेटवर येऊ नको. भेटीचे दिवस सेंटर ठरवतं, ते कळले की तू कळवशील. फोन मिळेलच असं नाही, म्हणून तिला आणि पप्पांना पत्र लिहायची तयारी ठेव. पत्ता लिहिलेली आंतर्देशीय पत्रं ट्रंकेत टाक.

अग्निवीराची चार वर्षं संपल्यावर काय, हे भावकीतलं कुणी विचारेलच. त्याचं उत्तर तुला आत्ता द्यायचं नाहीये.

पप्पांशी आज रात्रीच बोल. दवाखान्यात जाताना केस पेपरसाठी आधार कार्ड आणि त्या गोळ्यांची रिकामी पाकिटं बरोबर ठेव. डॉक्टर काय म्हणाले ते मला कळव, मग पळण्याचा आठवडावार बेत आपण मिळून लिहू.

– तुझी मावशी