अमेरिकी मतदारवृंदात बरोबरी झाली तर?

प्रश्न : अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत दोन उमेदवारांना २६९–२६९ अशी समसमान मते पडली, तर निर्णय कोण करते? अध्यक्ष एका पक्षाचा आणि उपाध्यक्ष दुसऱ्या पक्षाचा, असेही घडू शकते का? – एक वाचक, सातारा

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : होय, घडू शकते. मतदारवृंदातील, म्हणजे अध्यक्ष निवडण्यासाठी राज्याराज्यांतून नेमलेल्या निर्वाचकांच्या मंडळातील, ५३८ पैकी २७० मते कोणालाच मिळाली नाहीत, तर अध्यक्षाची निवड प्रतिनिधीगृहाकडे आणि उपाध्यक्षाची सिनेटकडे जाते, आणि दोन्ही सभागृहे स्वतंत्रपणे कौल देतात. सिनेटचे काम सरळ आहे. पहिल्या दोघांतून निवड, प्रत्येक सिनेटरला एक मत आणि विजयासाठी ५१ मते. प्रतिनिधीगृहात मात्र पहिल्या तिघांतून निवड करताना सदस्य नव्हे, राज्ये मोजली जातात. ५२ सदस्यांच्या कॅलिफोर्नियाला एक मत आणि एकच सदस्य असलेल्या वायोमिंगलाही एकच. ५० पैकी २६ राज्ये ज्याच्या बाजूने, तो अध्यक्ष. लोकसंख्येचा विचार करता हे अन्यायकारकच म्हणावे लागेल.

एका सदस्याच्या हाती केवढी सत्ता येते, हे १८०१ मध्ये दिसले. त्या काळी प्रत्येक निर्वाचक पदाचा उल्लेख न करता दोन मते देत असे. त्यामुळे एकाच पक्षाच्या थॉमस जेफरसन आणि एरन बर यांना ७३–७३ मते पडली. १६ पैकी ९ राज्ये हवी असताना, विरोधी फेडरलिस्ट सदस्य बर यांच्यामागे उभे राहिल्याने जेफरसन आठांवरच अडले आणि ११ फेब्रुवारीपासून ३५ फेऱ्या निष्फळ ठरल्या. अखेर डेलावेअरचे एकमेव सदस्य जेम्स बेयर्ड यांनी माघार घेतली, इतर काही फेडरलिस्टांनी कोरी मते दिली किंवा गैरहजेरी पत्करली, आणि १७ तारखेच्या ३६ व्या फेरीत जेफरसन १० राज्यांनिशी निवडून आले. या गोंधळामुळेच १८०४ च्या बाराव्या घटनादुरुस्तीने दोन्ही पदांची मते वेगळी केली.

त्यानंतर १८२५ मध्ये, मतदारवृंदात ९९ मतांसह आघाडीवर असलेल्या अँड्र्यू जॅक्सन यांना डावलून प्रतिनिधीगृहाने ८४ मतांच्या जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांना निवडले. सिनेटवर ही वेळ एकदाच आली : १८३७ मध्ये व्हर्जिनियाच्या २३ निर्वाचकांनी मते नाकारल्याने रिचर्ड जॉन्सन १४७ वर थांबले, बहुमताला एक मत कमी पडले, आणि सिनेटने त्यांना ३३ विरुद्ध १६ मतांनी उपाध्यक्ष केले.

प्रतिनिधीगृहातील कोंडी २० जानेवारीपर्यंत सुटलीच नाही, तर १९३३ च्या विसाव्या घटनादुरुस्तीनुसार सिनेटने निवडलेला उपाध्यक्ष तोवर अध्यक्षपदाचा कारभार पाहतो. सिनेटही अडली, तर १९४७ च्या कायद्याप्रमाणे पहिला मान प्रतिनिधीगृहाच्या सभापतींचा, म्हणजे ज्या सभागृहाला अध्यक्ष निवडता आला नाही त्याच्याच प्रमुखाचा. मात्र त्यासाठी त्यांना सभापतिपद आणि सदस्यत्व दोन्ही सोडावे लागते.