दाताचं इम्प्लांट बसवलंय ना? मग एवढं ऐकाच

दादा, पहिले 24 तास जोरात चूळ भरू नका, थुंकू नका, स्ट्रॉनं ताक पिऊ नका. त्या ओढीनं जखमेवरची रक्ताची गुठळी निघते. गालावर बाहेरून बर्फ धरा. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याच्या हलक्या गुळण्या, खायला मऊ खिचडी.

आपली सोलापुरी कडक भाकरी आणि शेंगाचटणी डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद. दाण्याचा कण टाक्यात अडकला की कसं ठणकतं, ते मी भोगलंय. तंबाखू मात्र कायमची सोडा. इम्प्लांटचा, म्हणजे दाताच्या मुळाजागी बसवलेला, टायटॅनियमचा स्क्रू जबड्याच्या हाडात घट्ट धरायला साधारण 3 ते 6 महिने लागतात आणि तंबाखू नेमकी तीच पकड बिघडवते. शुगर असेल तर ताब्यात ठेवा.

खरी निगा पुढेच आहे. इम्प्लांट किडत नाही, म्हणून लोक निर्धास्त होतात. पण भोवतीची हिरडी सुजते, आतलं हाड झिजतं आणि बहुतेकदा दुखतही नाही. मी रोज रात्री आरशासमोर उभी राहून इंटरडेंटल ब्रश, म्हणजे दातांच्या फटीत जाणारा बारीक ब्रश, इम्प्लांटवरच्या कॅपच्या (कृत्रिम दाताच्या) मुळाशी दोन्ही बाजूंनी फिरवते. ब्रशला रक्त दिसलं की घरगुती उपाय करत बसू नका, लवकरात लवकर डॉक्टरांना दाखवा. एरवीही दर 6 महिन्यांनी तपासणी चुकवू नका.