वाचकांचे प्रश्न : खिशातले रिव्हॉल्व्हर

या महिन्याच्या टपालात शस्त्राविषयी पाच पत्रे आली असून ती सर्व नाशिक शहर आणि जिल्ह्यातली आहेत. पहिल्या दोन पत्रांना सविस्तर उत्तर देणे भाग होते; उरलेल्यांना थोडक्यात दिले आहे.

प्रश्न : सराफ बाजारात आमची वडिलोपार्जित पेढी आहे. रात्री दुकान वाढवल्यावर रोकड आणि कधीकधी माल घेऊन मला गंगापूर रोडवरील घरी जावे लागते. शस्त्र परवाना नुकताच हाती आला आहे. गन हाऊसमध्ये विक्रेत्याने सर्वांत लहान आणि हलके रिव्हॉल्व्हर घेण्याचा आग्रह धरला, तर एका मित्राच्या मते पिस्तूलच घ्यावे. काय करावे? – एक सराफ, नाशिक

उत्तर : पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर हे शब्द आपल्याकडे सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, ते शस्त्र ब्राउनिंग पिस्तूल होते. तरी त्याला रिव्हॉल्व्हर म्हणणारे वक्ते मी याच शहरात ऐकले आहेत. पिस्तुलात काडतुसे मुठीतल्या मॅगझिनमध्ये असतात आणि प्रत्येक गोळीनंतर वरची स्लाइड मागे जाऊन पुढचे काडतूस आपोआप नळीत भरते. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसे फिरत्या सिलिंडरच्या घरांत बसवलेली असतात आणि चाप ओढला की सिलिंडर एक घर पुढे सरकतो. पिस्तुलात काडतूस अडकले, तर दोन्ही हातांनी स्लाइड ओढून ते मोकळे करावे लागते, आणि हे काम घाबरलेल्या अवस्थेत बिनचूक होण्यासाठी हाताला शेकडो वेळा सराव झालेला असावा लागतो. रिव्हॉल्व्हरमध्ये एखादे काडतूस फुसके निघाले, तर पुन्हा चाप ओढावा, पुढचे घर समोर येते. आपण पेढी सांभाळून वर्षातून चार-सहा वेळा नेमबाजीच्या रेंजवर जाणार, हे गृहीत धरूनच मी आपल्याला रिव्हॉल्व्हर सुचवतो.

बोअरच्या, म्हणजे नळीच्या आतील व्यासाच्या, बाबतीत फारशी निवड उरत नाही. ९ मिलिमीटर हा बोअर सर्वसामान्य नागरिकांना निषिद्ध असल्यामुळे व्यवहारात प्रश्न बत्तीस बोअर की बावीस, एवढाच राहतो. बत्तीसचे काडतूस म्हणजे .३२ स्मिथ अँड वेसन लाँग. ते १८९६ पासून चालत आलेले, जुन्या वळणाचे आणि मवाळ धक्क्याचे काडतूस आहे, आणि त्याची गोळी साधारण सव्वासहा ग्रॅमची असते. बावीसमध्ये आपल्या सरकारी कारखान्याचे ‘निडर’ हे आठ गोळ्यांचे आणि केवळ अडीचशे ग्रॅम वजनाचे रिव्हॉल्व्हर आहे. ते सदऱ्याच्या खिशातही जड वाटत नाही. परंतु बावीसच्या काडतुसात ठिणगीचा मसाला बुडाच्या कडेत पसरलेला असतो, आणि अशी काडतुसे बुडाच्या मध्यभागी ठिणगीची टोपी असलेल्या काडतुसांपेक्षा अधिक वेळा दगा देतात. गोळीचा जोरही कमी. ज्यांच्या मनगटात किंवा बोटांत ताकद कमी आहे त्यांनी बावीसचा विचार जरूर करावा. आपण पन्नाशीच्या आतले असून हात धडधाकट असल्याचे लिहिले आहे, तेव्हा बत्तीस घ्यावे.

आता वजन. कानपूरच्या कारखान्याचे जुने बत्तीस बोअरचे रिव्हॉल्व्हर सुमारे सातशे ग्रॅमचे आहे. त्याची घडण ब्रिटिश वेब्ली रिव्हॉल्व्हरवरून आलेली असल्यामुळे ते मधून मोडून, म्हणजे नळी खाली झुकवून उघडते. २०१४ मध्ये आलेले ‘निर्भीक’ टायटॅनियमच्या मिश्रधातूमुळे पाचशे ग्रॅमवर आले आणि त्या वेळी त्याची किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती. २०२३ मध्ये आलेले ‘प्रबल’ पुन्हा सातशे ग्रॅमच्या जवळ जाते; मात्र त्याचा सिलिंडर बाजूला उघडतो, त्यामुळे भरणे-रिकामे करणे सोपे पडते. त्याची जाहिरात पन्नास मीटरच्या पल्ल्यावरून झाली, याची मला गंमत वाटते, कारण पन्नास मीटरवरच्या माणसापासून आपल्याला पळता येते. खरा प्रसंग मोटारीच्या दारापासून दुकानाच्या पायरीपर्यंतच्या अंतरात घडतो.

विक्रेत्याच्या आग्रहाबद्दल एवढेच म्हणतो, की हलके शस्त्र वागवायला सोपे आणि चालवायला अवघड असते. काडतूस तेच आणि वजन दोनशे ग्रॅमने कमी, म्हणजे तो सगळा झटका मनगटावर येतो. नळी आखूड, म्हणजे पुढच्या आणि मागच्या नेमखुणांमधले अंतर कमी, आणि हाताची जराशी चूकही लक्ष्यावर मोठी होऊन दिसते. लहान मुठीवर करंगळीला जागा उरत नाही ते वेगळेच. म्हणून दुकानात वजनकाटा पाहण्याआधी मूठ धरून पाहावी. शस्त्र रिकामे असल्याची स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करून घ्यावी, विक्रेत्याची परवानगी घ्यावी आणि घोडा, म्हणजे काडतुसावर आघात करणारा मागचा खटका, न चढवता केवळ चाप ओढून पाहावा. हा ओढा लांब आणि जड असतो. तो पूर्ण होईपर्यंत नळीचे तोंड समोरच्या भिंतीवरील एका खुणेवर स्थिर राहते का, हीच खरी परीक्षा आहे. सलग सहा वेळा ओढल्यावर नळी खाली झुकू लागली, तर ते शस्त्र आपल्यासाठी नाही, मग ते कितीही देखणे असो. जुने, वापरलेले शस्त्र घेणार असाल तर घोडा चढवून सिलिंडर अंगठ्याने हलवून पाहावा. तो खुळखुळत असेल तर घेऊ नये. शस्त्र हातातून पडल्यावर घोड्याचा आघात काडतुसापर्यंत पोहोचू नये अशी अडसराची सोय जुन्या घडणीत आहे की नाही, याची कारागिराकडून खात्री होईपर्यंत घोड्याखालचे घर रिकामे ठेवून पाचच काडतुसे भरावीत.

प्रश्न : मी डॉक्टर असून माझा दवाखाना नाशिकरोडला आहे. रात्री अकरानंतर एकटीने गाडी चालवत घरी येते. धमक्यांच्या एका प्रकरणानंतर मला परवाना मिळाला आणि मी हलके रिव्हॉल्व्हर घेतले, परंतु ते नेमके कोठे ठेवावे हे कोणी नीट सांगत नाही. सध्या ते पर्समध्ये असते. – एक वाचक

उत्तर : पर्समधून ते आजच काढावे, ही विनंती. हिसकावून नेण्याच्या प्रकारात चोराचा हात सर्वप्रथम पर्सवरच पडतो, म्हणजे पैशांबरोबर भरलेले रिव्हॉल्व्हरही त्याच्या हाती जाते. शिवाय पर्स आपण दिवसातून वीस वेळा कोठेतरी ठेवतो: दवाखान्याच्या टेबलावर, हॉटेलातल्या खुर्चीवर, नातेवाइकांच्या पलंगावर. पर्समध्ये चॉकलेट शोधणारे लहान मूल प्रत्येक घरात असते.

शस्त्र अंगावर असावे आणि होल्स्टरमध्ये, म्हणजे शस्त्राच्या म्यानात, असावे. २०१६ च्या शस्त्र नियमांचाही रोख तोच आहे: सार्वजनिक ठिकाणी शस्त्र होल्स्टरमध्ये, झाकलेले आणि आपल्या पूर्ण ताब्यात असले पाहिजे, आणि ते परजून दाखवण्यास मनाई आहे. खिशासाठी वेगळे होल्स्टर मिळते. ते बाहेरून खरखरीत असते, त्यामुळे रिव्हॉल्व्हर उपसताना ते खिशातच राहते. आणि त्याचे चामडे किंवा कापड चापाची पूर्ण जागा झाकते. आपल्या नेहमीच्या पोशाखाला खिसाच नसेल, तर शिंप्याकडून जाड अस्तराचा खोल खिसा शिवून घ्यावा. कमरेला कुर्त्याखाली बसणारे होल्स्टरही चालते, मात्र गाडीच्या पट्ट्याखाली ते दबते का, हे आधी बसून पाहावे. त्या खिशात दुसरी कोणतीही वस्तू नको. रुमाल नको, किल्ल्या नकोत, पेनही नको. चापाच्या कड्यात किल्ली शिरली आणि आपण वाकलो, तर पुढचे सांगायला नको.

माझा स्वतःचा एक अनुभव सांगतो. नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी आखूड नळीचे रिव्हॉल्व्हर सफारीच्या खिशात ठेवू लागलो आणि एकदा घरी ते रिकामे करून, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून, उपसण्याचा सराव करून पाहिला. पाचपैकी तीन वेळा घोड्याचे मागे वळलेले टोक खिशाच्या अस्तरात अडकले आणि चौथ्या वेळी अस्तरच फाटले. आयुष्यभर शस्त्रे हाताळलेल्या माणसाची ही गत! त्यानंतर मी उपसताना अंगठा घोड्याच्या टोकावर आडवा ठेवू लागलो. टोक झाकले जाते आणि शस्त्र अलगद बाहेर येते. बोट मात्र चापाच्या कड्याबाहेर, चौकटीला समांतर, सरळ ठेवलेले असावे. झोपण्यापूर्वी रिकाम्या शस्त्राने असा दहा-दहा वेळा सराव करावा. तत्पूर्वी सिलिंडर उघडून सहाही घरे पाहावीत आणि बोटानेही चाचपावीत.

खिशातल्या शस्त्राला दोन शत्रू असतात, घाम आणि कापसाचा भुगा. पावसाळ्यात, विशेषतः त्र्यंबकच्या बाजूला जाणे-येणे असेल तर, आठवड्यातून एकदा ते पुसून तेलाचा हलका हात द्यावा, आणि सिलिंडरच्या मागच्या फटीत साचलेला भुगा जुन्या टूथब्रशने काढावा. तेल काडतुसांना लागू देऊ नये, कारण झिरपलेल्या तेलाने टोपीतला मसाला निकामी होतो. खिशात महिनोन्‌महिने फिरलेली काडतुसे हिरवट दिसू लागली, तर ती पुढच्या सरावात संपवून नवी भरावीत.

घरी पोहोचल्यावर शस्त्र कुलूपबंद पेटीतच जावे. उशीखाली, कपड्यांच्या घडीत किंवा देवघराच्या खणात ते कधीही ठेवू नये. आपल्याला हे सारे जिकिरीचे वाटत असेल, तर परवान्याची गरज नसलेला मिरपुडीचा स्प्रे आणि ११२ हा क्रमांक, या दोन गोष्टी तरी आजपासून हाताशी ठेवाव्यात. आणि रिव्हॉल्व्हर असले तरीही त्या ठेवाव्यातच.

प्रश्न : अंबड औद्योगिक वसाहतीत माझा छोटा कारखाना आहे. पगाराची रक्कम हिसकावून चोर पळत असेल, तर परवानाधारकाला गोळी झाडता येते का? तसेच माझे रिव्हॉल्व्हर चालकाजवळ ठेवले तर चालते का? – एक उद्योजक

उत्तर : परवाना शस्त्र बाळगण्याचा असतो, झाडण्याचा नव्हे. झाडण्याचे समर्थन करायचे तर ते १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मधील खासगी संरक्षणाच्या हक्कातच शोधावे लागते. कलम ३८ नुसार मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची वाजवी भीती, बलात्काराच्या किंवा अपहरणाच्या उद्देशाने केलेला हल्ला, अ‍ॅसिडहल्ला अशा मोजक्या प्रसंगी हा हक्क हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत जातो. मालमत्तेच्या बाबतीत कलम ४१ मध्ये जबरी चोरी, सूर्यास्तानंतरची घरफोडी यांसारखे प्रसंग आहेत. परंतु कलम ३७ सांगते की बचावाला आवश्यक तेवढीच इजा करता येते, आणि पोलिसांची मदत घेण्याइतका अवधी असेल तर हा हक्क मिळत नाही. जबरी चोरीत तो हक्क चोराकडून इजा होण्याचे किंवा तत्काळ मृत्यूचे भय असेपर्यंतच टिकतो. पाठ फिरवून रस्त्याने पळणाऱ्या चोराबाबत ते भय संपलेले असते, म्हणून तेथे गोळी झाडणारा स्वतःच आरोपी होण्याची शक्यता फार मोठी. भर वस्तीत चुकलेली गोळी कोणाला लागेल, हा विचार मी येथे वाढवत नाही.

चालकाजवळ शस्त्र ठेवता येणार नाही. आपण समोर असताना, आपल्याच वापरासाठी ते त्याने धरणे कायद्याला चालते. गाडीत त्याच्या भरवशावर सोडून जाणे चालत नाही.

प्रश्न : निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आणि ऊस आहे. रात्री वीज आली की पाणी भरायला जावे लागते आणि बिबट्याचे भय असते. लहान रिव्हॉल्व्हरसाठी अर्ज करावा का? – एक बागायतदार

उत्तर : बिबट्यासाठी करू नये. उसातून झेप घेणारा बिबट्या दिसेपर्यंत तो अंगावर आलेला असतो, आणि अंधारात आखूड नळीच्या बत्तीस बोअरने झाडलेली गोळी त्याला थोपवण्यापेक्षा जखमी करून अधिक धोकादायक करील. स्वसंरक्षणार्थ सद्हेतूने वन्यप्राण्याला मारणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा ठरत नाही हे खरे, पण तो सद्हेतू नंतर सिद्ध करावा लागतो. दोघांनी मिळून जावे, जोरकस बॅटरी आणि घुंगराची काठी घ्यावी, मोबाइलवर गाणी मोठ्याने लावावीत, आणि बिबट्याचा वावर दिसताच वन विभागाला कळवावे. माणसांकडून धोका असल्यामुळे अर्ज करायचा असेल, तर आपला भाग शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीबाहेर असल्याने तो जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो.

प्रश्न : वडील चार महिन्यांपूर्वी वारले. त्यांचे परवान्याचे रिव्हॉल्व्हर अजून कपाटात आहे. ते माझ्या नावावर होईल का? – एक वाचक, पंचवटी

उत्तर : होऊ शकते; २०१६ च्या नियमांत वारसाला अर्ज करण्याची तरतूद आहे. मात्र ज्याच्या नावाचा परवाना होता ती व्यक्ती हयात नसल्यामुळे आज ते शस्त्र आपल्या ताब्यात विनापरवाना आहे आणि चार महिने हा फार मोठा विलंब झाला. ते आधी जमा करावे. परस्पर खिशात घालून निघू नये. आपल्या हद्दीतल्या पोलीस ठाण्याला फोनवर आणि लेखी कळवावे, ते सांगतील त्या पद्धतीने शस्त्र, सर्व काडतुसे आणि वडिलांचा मूळ परवाना ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावा, आणि शस्त्राचा क्रमांक व काडतुसांची संख्या लिहिलेली पावती घ्यावी. मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांचे ना-हरकतपत्र जोडून करावयाच्या अर्जासोबत हीच पावती लागेल.